गावाला विचारलं तेव्हा

आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा माझे थोरले दीर चार-पाच दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. गावात पॅनल त्यांचं. या खेपेला खुर्चीत तेच बसणार, हे गुरं राखणाऱ्या पोरांनाही माहीत होतं. मग एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि चुलीपुढे बसलेल्या आपल्या बायकोकडे बघत म्हणाले, "धाकलीला सांग, तिचं नाव टाकलंय."

धाकली म्हणजे मी. मी तिथेच, हातभर अंतरावर, परातीत भाकरीचं पीठ मळत होते. पण आमच्या घरात थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते जावेला सांगत, आणि मी ते ऐकलेलं असूनही जाऊ मला पुन्हा सांगे. मला उत्तर द्यायचं असलं तर तीच वाट उलटी.

जाऊ म्हणाली, "ऐकलंस का? तुझं नाव टाकलंय."

"कशाला?"

"सरपंचाला."

"त्यांना विचारा, मला काय करावं लागेल."

दीर अजून दारातच होते. "सही," ते जावेला म्हणाले. "दुसरं काय करायचं हाय तिला."

मी मूळची पुण्याची. मंडईत वडिलांचा भाजीचा गाळा होता आणि नारायण पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. सकाळी गाळ्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या आणि मग कॉलेजला जायचं, असं करत मी बी.ए. झाले. लग्न करून आले ती या गावात. तेव्हा पेठेतले लोक कोथरूडलाच लांब म्हणायचे, आणि आमचं गाव त्याच्याही पुढे, टेकडीच्या मागे. शेवटच्या थांब्यावर बस सोडायची आणि पुढे चालत यायचं. हे, म्हणजे माझे यजमान, एका कारखान्यात फिटर होते. शेती थोरले दीर बघायचे. घर एकत्र, चूल एक. आम्हाला मूल झालं नाही, आणि जावेची मुलं माझ्याच हाताखाली मोठी झाली. इतकी वर्षं राहूनही गावाला मी 'पुण्याचीच' होते. माझं नाव टाकलं त्यामागे एवढाच विचार असणार. शिकलेली आहे, म्हणून कागद वाचून दाखवील. गावात हिचं कोणी नाही, म्हणून गप्प बसेल.

निवडणूक बिनविरोध झाली. बातमी सांगायला मी मंडईत गेले. वडील एका गिऱ्हाइकाला गवार तोलून देत होते. ते देऊन झाल्यावर म्हणाले, "सरपंच? मग आता आमच्याकडून गवार फुकट नेणार का?" मग म्हणाले, "तुला त्या बाई आठवतात का गं?"

आठवत होत्या. आणीबाणी उठल्यावर मंडईत त्यांची सभा झाली होती. आणीबाणीला विरोध केला म्हणून तुरुंगात होत्या, नुकत्याच सुटून आल्या होत्या. मी तेव्हा शाळेत होते आणि वडिलांनी मला रिकाम्या पाट्यांच्या चवडीवर उभं केलं होतं. बाई काय बोलल्या ते मला फारसं आठवत नाही. भाषणाच्या मध्येच त्यांचा आवाज बसला, त्या थांबल्या, आणि त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत एवढ्या भरलेल्या मंडईत कोणी चुळबुळ केली नाही, हे मात्र आठवतं. सभा संपल्यावर पुढारी एकमेकांशी बोलत उभे राहिले आणि बाई खांद्याला पिशवी लावून एकट्याच बसथांब्याकडे निघाल्या. त्यांच्यामागे कोणी गेलं नाही. "घरी जाऊन कुकर लावायचा असेल," वडील तेव्हा म्हणाले होते.

आता ते म्हणाले, "माफीच्या कागदावर सही करा, सोडतो, असं त्यांना तुरुंगात सांगत होते म्हणे. त्यांनी नाही केली. तू कर बाई सह्या, तुला सरपंच केलंय. पण वाचल्याशिवाय करू नकोस."

सुरुवातीचे महिने मी वाचून सह्या केल्या. वाचण्यासारखं फार नसायचं. दिवाबत्ती, नळाची दुरुस्ती, शाळेची कौलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबलामागे माझी खुर्ची होती आणि खिडकीपाशी बाक होता. दीर त्या बाकावर बसायचे. ते सदस्य होते, त्यांनी यायलाच हवं होतं. पण आत येणारा प्रत्येक माणूस आधी बाकाकडे बघायचा, मग खुर्चीकडे. इथंही दीर माझ्याशी बोलत नसत. इथं जाऊ नव्हती, म्हणून तिचं काम ग्रामसेवकाकडे आलं. "मॅडमना सांगा, मोटर जळली हाय." ग्रामसेवक माझ्याकडे वळून म्हणायचा, "मॅडम, मोटर जळली आहे." डोक्यावरचा पदर सावरत मी विचारायची, "कधी जळली?" मग तो बाकाकडे वळायचा. नवीन माणसाला हसू यायचं. आम्हाला कोणाला ते विचित्र वाटत नव्हतं.

मग कॉलेजचा विषय आला. शहरातल्या एका संस्थेला इंजिनिअरिंग कॉलेज काढायचं होतं आणि त्यांना आमचं गायरान हवं होतं. ओढ्याच्या कडेची ती सगळ्या गावाची मोकळी चराऊ जमीन. गावाची हरकत नाही असा ठराव लागत होता, आणि तो ग्रामसभेत व्हायला हवा होता. दिरांचं शेत गायरानाला लागून होतं आणि कॉलेज झालं की त्याला भाव येणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी त्याच शेतात ज्वारी खुडली होती.

ग्रामसेवक एका दुपारी घरी आला. मी ओसरीत धान्य निवडत होते. "मॅडम, इथं एक सही. ग्रामसभेचा ठराव आहे."

"ग्रामसभा कधी झाली?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "झाली असं लिहायचं असतं, मॅडम. दरवेळी असंच असतं. गावात सगळ्यांना माहीत आहे."

त्यात लपवाछपवी काहीच नव्हती. खरंच सगळ्यांना माहीत होतं. मला आठवतं, मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि मला वाटलं, हे एवढं सोपं आहे तर यांना माझी सही तरी कशाला लागते? मी म्हणाले, "सभा होऊ दे, मग करते."

संध्याकाळी दीर स्वयंपाकघराच्या दारात आले. "तिला सांग, कॉलेज आलं तर पोरांचंच भलं हाय."

जाऊ माझ्याकडे वळली. "पोरांचं भलं हाय म्हणत्यात."

"त्यांना सांगा, असेलही. मी नाही कुठं म्हणते? गावाची जमीन आहे, तर गावाला विचारू. गाव हो म्हणेल."

"आणि न्हाय म्हणालं मग?" हे दीर भिंतीकडे बघत म्हणाले.

"मग नाही."

जावेच्या हातात पळी होती. तिनं माझं वाक्य पुढे नेलं नाही. ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत नुसती उभी राहिली आणि मग आमटीकडे वळली. त्या दिवसापासून आमच्यात निरोपांची ये-जा थांबली. दिरांकडून माझ्याकडे येणारी तेवढी एकच वाट होती. ती बंद झाल्यावर घरातलं माझं बाकीचं बोलणंही हळूहळू आटलं. मुलं जवळ यायची, पण मोठ्यांची तोंडं बघून बाजूला व्हायची. माझी भाकरी मात्र रोज झाकून ठेवलेली असे.

ह्यांना कामावर जायला बस गाठायची असायची. एका सकाळी मी त्यांच्याबरोबर टेकडीपर्यंत चालत गेले. ते म्हणाले, "मी यात पडणार नाही. मला दादांनी शिकवलंय. आमचे वडील गेले तेव्हा त्यांनी स्वतःची शाळा सोडली."

"मी तुम्हाला पडा म्हणत नाही."

बरंच चालून झाल्यावर, बस दिसायला लागल्यावर ते म्हणाले, "तू म्हणतेस ते चूक नाही. पण मला ते घरात म्हणता येणार नाही." आणि बसमध्ये चढले. मी एकटी परत आले. वाटेत गायरान लागायचं. तिथं एक विधवा म्हातारी शेळ्या चारायची. तिनं विचारलं, "पुण्याची, आज इकडं कुठं?" मी म्हणाले, "ह्यांना सोडायला." त्या दिवशी माझ्याशी बोललेलं दुसरं माणूस तीच.

मी दवंडी द्यायला सांगितली. शाळेच्या व्हरांड्यात सभा ठेवली, सतरंज्या घातल्या, पाण्याचा माठ भरून ठेवला. कोणी आलं नाही. 'जाऊ नका' असा शब्द फिरला होता. दिरांना तो मोठ्यानं बोलावाही लागला नसेल. मी आणि ग्रामसेवक बसून राहिलो. समोरच्या रस्त्यानं माणसं जात होती, आमच्याकडे बघत होती, आणि चालीत फरक न करता पुढे जात होती. ग्रामसेवक दोनदा म्हणाला, "मॅडम, तहकूब करू या." मी म्हणाले, "थोडं थांबू." ऊन सतरंजीवरून सरकत भिंतीवर गेलं.

शेवटी ती शेळ्यांची म्हातारी आली. व्हरांड्याच्या पायरीशी उभी राहिली.

"काय चाललंय गं?"

"ग्रामसभा."

"मग माणसं कुठायत?"

तिनं शेळ्या शाळेच्या कुंपणाला बांधल्या आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर येऊन बसली. "मी बसू का?" असं तिनं बसल्यावर विचारलं. आम्ही तिघं अंधारेपर्यंत बसलो. मग गणसंख्या नाही म्हणून सभा तहकूब केली.

त्यानंतर मी घरोघर गेले. पुरुषांनी चहा दिला आणि "बघू" म्हणाले. बायका नळावर भेटायच्या. "आम्ही येऊन काय करायचं?" त्यांचा प्रश्न सरळ होता.

"बसायचं. पटलं तर हात वर करायचा. नाही पटलं तर नाही करायचा."

"आणि घरी कळलं मग?"

"घरचे तिथंच असतील की. बघतीलच."

त्या हसल्या. पण काहीजणींनी विचार केला असावा. पुढची सभा मी पुन्हा दवंडी देऊन ठेवली, आणि या वेळी गाव लोटलं. मी उगाच मोठेपणा घेत नाही. बहुतेक लोक दीर-भावजयीचं भांडण बघायला आले होते. कारण काहीही असो, व्हरांडा भरला, अंगण भरलं, पोरं कुंपणावर बसली. जाऊही आली. ती मागे, बायकांत, भिंतीला टेकून बसली.

दीर चांगलं बोलले. ते बोलायला चांगलेच होते. रस्ता होईल, बस गावापर्यंत येईल, दुकानं निघतील, पोरांना शिकायला आणि कामाला लांब जावं लागणार नाही. सगळं खरं होतं. ते गावाकडे तोंड करून बोलले, अध्यक्ष म्हणून मी बाजूच्या खुर्चीत होते, माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मग मी विचारलं, "आणखी कोणाला बोलायचं आहे?"

म्हातारी उठली. "कालेजात माझ्या शेळ्या घेणार हायेत का?"

सगळे हसले. ती तशीच उभी राहिली. मी म्हणाले, "हसू नका. त्यांचं बोलून होऊ द्या." माझा आवाज एवढा मोठा येईल असं मला वाटलं नव्हतं. मंडईतला आवाज होता तो, इतकी वर्षं पदराखाली राहिलेला. लोक गप्प झाले. म्हातारी म्हणाली की गायरान गेलं तर तिच्यासारख्या आठ-दहा घरांनी शेळ्या कुठं न्यायच्या ते कोणीतरी सांगावं. दिरांना उत्तर द्यावं लागलं. ते म्हणाले, ओढ्यापलीकडं बघू. "पलीकडं खडक हाय," म्हातारी म्हणाली. मग एक बाई उठली, जिचा मुलगा रोज सायकलनं पुण्याला जायचा. ती म्हणाली, "कालेज व्हावं. पोरगीला लांब पाठवीत न्हाईत. हितं झालं तर ती तरी शिकंल." तिच्या नवऱ्यानं चमकून मान वळवली. ती बोलणार आहे हे त्याला माहीत नव्हतं.

मी मत घेतलं. कॉलेजच्या बाजूनं हात वर करा म्हटलं, आणि हात वर गेले. पुष्कळ. नळावर मला 'कॉलेज नको' म्हणालेल्या बायका नवऱ्याकडे बघून हात वर करत होत्या. काहीजणी कोणाकडेही न बघता करत होत्या. विरोधातले हात थोडे होते, म्हातारीचा सगळ्यात वर. मागे भिंतीशी बसलेल्या जावेचा हात दोन्ही वेळा खाली होता. दिरांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

मनातून मला गायरान राहायला हवं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी उभी राहून ठराव मंजूर झाला असं जाहीर केलं, विरोधात कोणकोण होतं तेही लिहून घ्यायला लावलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आणि तिच्याबरोबरच्या दोन-तीन बायका ओसरीपुढे आल्या. "तू सही केलीस?"

"केली. गावानं ठरवलं."

"मग आम्हाला बोलावलंस कशाला? त्यांनी परस्पर घेतली असती तर आम्ही त्यांना शिव्या तरी दिल्या असत्या. आता कोणाला द्यायच्या? गावाला?"

मी म्हणाले, "मला द्या." म्हातारीनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि शिवी न देताच निघून गेली. ते जास्त लागलं.

मला वाटलं होतं, दिरांना हवं ते मिळालं, आता घरातली कोंडी फुटेल. तसं झालं नाही. जे नुसत्या सहीनं मिळणार होतं त्यासाठी त्यांना चारचौघांत शेळ्यांचं उत्तर द्यावं लागलं होतं. आणि पुढच्या प्रत्येक वेळी असंच होणार, हे त्यांनी ओळखलं होतं. थोड्याच महिन्यांत माझ्यावर अविश्वासाचा ठराव आला. तहसीलदार आले, पंचायतीच्या खोलीत सभा झाली. कारण लिहिलं होतं, सरपंच सदस्यांना विश्वासात घेत नाहीत. मला बोलायची संधी दिली. मी म्हणाले, "मी सगळ्या गावाला विश्वासात घेतलं, त्यात सदस्यही होते." तहसीलदारांच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं वाटलं, पण ते त्यांनी आवरलं.

ठरावाच्या बाजूनं सगळे हात वर गेले. माझ्याशिवाय आणखी एक बाई सदस्य होती. तिनं जमिनीकडे बघत हात वर केला, कोपरातून वाकलेला. विरोधात कोण, असं विचारल्यावर मी माझा हात वर केला. खोलीत तेवढाच. तो खाली घ्यायला किती वेळ लावावा हे मला कळेना. तहसीलदार म्हणाले, "झालं, बाई. घ्या खाली."

जागा बाईचीच होती. मी सदस्यपदही सोडलं, आणि त्या जागेवर दिरांनी जावेला बिनविरोध निवडून आणून सरपंच केलं.

त्यानंतर आम्ही फार दिवस त्या घरात राहिलो नाही. ह्यांनीच एक दिवस सांगितलं की कोथरूडला एका सोसायटीत दोन खोल्या बघितल्या आहेत. भावाशी त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. निघताना दीर शेतावर गेले होते. जाऊ दारात होती, पण मुलं भोवती होती आणि आमचं बोलणं झालं नाही.

कोथरूडच्या त्या जिन्यात दारं बंद असायची. सगळ्या दारांवर पुरुषांची नावं. मी सरपंच होते हे तिथं कोणाला माहीत नव्हतं, आणि सांगितलं असतं तर त्यांना ती गंमत वाटली असती. गावात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, त्याला काही कारण होतं. इथं कोणी बोलत नसे, त्याला कारणही नव्हतं. मी मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. मुलं गेली की खोली एकदम मोठी वाटायची. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामसभेवर एक धडा होता. मुलं तो पाठ करून घडाघडा म्हणून दाखवायची. मी फक्त उच्चार सुधारायची.

वर्षभरानं असेल, मंडईत वडिलांच्या गाळ्यावर मी बसले होते आणि समोर जाऊ उभी. हातात पिशवी, डोक्यावर पदर, उन्हानं चेहरा लाल झालेला. ती एकटी पुण्यात आलेली मी कधी पाहिली नव्हती. वडिलांनी तिला बसायला पोतं घातलं, चहा मागवला आणि स्वतः उठून दुसरीकडे गेले.

"काय घ्यायला आलात?" मी विचारलं.

"भाजी," ती म्हणाली. आमच्या गावच्या बाईनं मंडईत भाजी घ्यायला यावं, यावर आम्ही दोघी हसलो. मग तिनं चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि सांगायला लागली.

पहिले सहा महिने तिनं सांगतील तिथं सह्या केल्या. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला. टाकी खालच्या आळीत बांधायची, असं दिरांच्या बाकावर ठरलं होतं. ग्रामसेवक घरी आला, इथं सही करा म्हणाला. "मी म्हणलं, दवंडी झाली का? तो माझ्याकडं बघाय लागला. मग हे आले. म्हणाले, तुला कोणी शिकवलं? मी म्हणलं, मी चौथी पास, मला कोण शिकवंल?"

"मग?"

"मग काय. सभा झाली. लई भांडणं झाली. ती शेळ्यावाली म्हातारी पुढंच येऊन बसती आता, न बोलावता. टाकी वरल्या आळीला झाली."

"आणि घरी?"

तिनं कप खाली ठेवला. "घरी आता माझ्याशी कोण बोलत न्हाय. निरोप तरी कोणाकडनं धाडायचा त्यांनी? तू न्हाईस." ती हसली, पण डोळे भरून आले होते. ते तिनं पदरानं पुसले. "तू कशी ऱ्हायलीस गं इतके दिवस? मला तुझ्याशी बोलता आलं असतं. मी न्हाय बोलले."

"भाकरी झाकून ठेवत होतात," मी म्हणाले.

"भाकरी काय, कुत्र्यालाबी ठेवत्यात." मग ती म्हणाली, "त्या दिवशी मी हात वर का न्हाय केला ठाऊक हाय का? लोकांना वाटलं, धाकलीच्या बाजूनं. तसं न्हवतं. मला ठरवताच आलं न्हाय. तोवर मला कोणी विचारलंच न्हवतं कधी, कशाचं. मला कुठं ठाऊक, माझं काय मत हाय ते."

मी तिला कोथरूडला घरी चला म्हटलं. तिला दिवेलागणीच्या आत पोचायचं होतं. मी थांब्यापर्यंत गेले. बस आली, ती गर्दीत चढली आणि आतून तिनं मला शोधायचा प्रयत्न केला, पण मधे माणसं होती. मला तिला सांगायचं होतं की हे सरतं. पण ते सरतं की नाही, हे तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

तिनं मुदत पुरी केली. पुन्हा उभी राहिली नाही. दीर शेवटच्या आजारात मात्र तिच्याशी बोलायला लागले, मला भेटायला बोलावलं नाही. तरी मी आपणहून गेले होते. ते झोपलेले होते, आणि मी उशाशी बसून परत आले. कॉलेज झालं, मोठं झालं, रस्ता झाला, बस गावापर्यंत गेली. ज्या बाईनं मुलीसाठी हात वर केला होता तिची मुलगी तिथंच शिकली. म्हातारीनं शेळ्या विकल्या. तिच्या नातवाला कॉलेजात शिपायाचं काम लागलं, पण ती त्या फाटकातून कधी आत गेली नाही, असं जाऊ सांगते. मग गाव शहरात आलं. ग्रामपंचायत संपली आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही.

माझे यजमान जाऊन आता बरीच वर्षं झाली. मतदान असलं की मी जवळच्या शाळेत जाते आणि बोटाला शाई लावून येते. मधली काही वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही. नगरसेवक नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. बागेत आमच्याकडचे निवृत्त लोक बसतात, त्यांच्यात मी एकदा विषय काढला. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, नगरसेवक नाहीत म्हणून आपलं काही अडलंय का? कचरा उचलला जातोय ना?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, "विचारायचं कोणाला पण?" ते म्हणाले, "काय विचारायचंय?" मी बागेला आणखी एक फेरी मारून घरी आले.

जावेला आता कमी ऐकू येतं. तिच्या मुलानं शेतात इमारत बांधली, तिच्यात ती वरच्या मजल्यावर राहते. आम्ही फोनवर बोलतो, मोठमोठ्यानं. परवा तिनं विचारलं, "तुझ्याकडं सभा भरती का गं कसली?"

"सोसायटीची होते."

"जातीस?"

"जाते."

"बोलतीस?"

"बोलते. मग दोन-तीन आठवडे लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोलत नाही."

तिकडे ती इतकी हसली की तिला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी फोन धरून बसले. मग ती म्हणाली, "आमच्याकडं तर लिफ्टच बंद हाय," आणि ती कधीपासून बंद आहे, कोणी लक्ष देत नाही, हे सगळं सविस्तर सांगायला लागली.